वळणावरची जाळी

फिलूमावशी,

तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. मे नुकताच लागलेला, वळणावरचा पाइप जसाच्या तसा मातीत, आणि तू चार दिवसांच्या तापाचं निमित्त करून चालती झालीस. दर वर्षी अकरा घरांच्या कड्या वाजवून माणसं कामाला बाहेर काढणारी तू. याच वर्षी एवढी कसली घाई होती?

हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठले. एकदा फाटकापर्यंत जाऊन आले, एकदा नुसतीच ओट्यापर्यंत. सुधीर पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "बस की जरा एका जागी." तीस वर्षं संसार करून माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही की मला बस म्हटलं की माझे पाय जास्तच चालतात. तुला ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तू कधी बस म्हणाली नाहीस. हातात फावडं दिलंस.

आम्ही लालबागची खोली विकून इथे आलो, तेव्हाही मेच होता. या डोंगरी गावच्या बसथांब्यापासून आमचा टेम्पो लाल मातीच्या रस्त्याने टेकडी चढत होता आणि वळणावर थांबला, कारण रस्त्याच्या मधोमध एक नऊवारी नेसलेली बाई हंडा घेऊन उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तू मान न वळवता म्हणालीस, "थांब रे जरा. पानी जातंय, दिसत न्हाय?" आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तू हंडा तिरका केलास, पाणी सोडलंस आणि कमरेत वाकून त्याच्या मागोमाग चालत गेलीस. ड्रायव्हर मला म्हणाला, "मॅडम, ये एरिया ठीक है ना?"

पाण्यात तू काय टाकलं होतंस ते मला मागाहून कळलं. वर्षभर मासळी साफ करताना निघालेले मोठे खवले तू धुऊन, वाळवून डब्यात भरून ठेवायचीस. मेमध्ये ते मूठभर हंड्यात टाकायचे आणि पाणी वरून सोडायचं. पाणी तापल्या मातीत जिरून जायचं, पण खवले मागे चमकत राहायचे, म्हणजे पाणी कुठून गेलं ते कोणालाही दिसायचं. जिथे खवल्यांचा ढीग झाला तिथे उतार चुकलेला. तिथे कुदळ मारायची. एवढंच तुझं शास्त्र, आणि त्यावर हा रस्ता चाळीस पावसाळे टिकला होता असं तू सांगायचीस.

पहिली दोन वर्षं मी तुला अहो-जाहो करत होते. एकदा चहा पिताना तूच म्हणालीस, "तुमी तुमी काय लावलंस? मी काय फादर हाय?" त्या दिवसापासून तू. आणि मी तुझ्यासाठी नकशेवाली.

त्या नावाचा मला अभिमान होता, आणि पुढचं सगळं तिथूनच झालं. मी नोकरीत ट्रेसर होते. सरकारी भाषेत अनुरेखक. साहेबांनी काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कागद लावायचा आणि शाईने रेघ गिरवायची. बत्तीस वर्षं मी पूल गिरवले, धरणाच्या भिंती गिरवल्या, मोऱ्या तर किती गिरवल्या त्याचा हिशेबच नाही. रेघ चुकलेली दिसली तरी आपण चुकीचीच गिरवायची, कारण रेघ साहेबांची. निवृत्त झाले तेव्हा माझ्या स्वतःच्या मनाने काढलेली एकही रेघ कुठे नव्हती. ती पहिली रेघ मी तुझ्या वळणावर काढली.

तुला आठवत असेल तो रविवार. तुझ्या अंगणात सगळे जमले होते. या रस्त्याचं दुखणं सगळ्यांना पाठ होतं: डोंगराचं पाणी रस्त्याच्या आतल्या कडेने धावत खाली येतं आणि वळणावर आलं की त्याला पलीकडे ओढ्यात जायचं असतं. जाऊ दिलं नाही तर ते रस्ता कापतं. रस्ता खाजगी जमिनींतून जातो, त्यामुळे डांबर नाही, जे करायचं ते अकरा घरांनीच. तू दर वर्षी वळणाच्या थोडं वर रस्त्यातून तिरका उघडा पाट काढायचीस, तळाला दगड बसवून. त्या खळग्यात रिक्षा आदळायच्या आणि रिक्षावाले वर यायला कुरकुर करायचे. मी नकाशा उलगडला. पाट बुजवायचा, वळणावर रस्त्याखालून सिमेंटचा पाइप घालायचा, वरून रस्ता सपाट. सगळ्यात वरच्या घरातले शहाभाई चष्मा लावून बघत म्हणाले, "ये हुआ ना प्रोफेशनल काम."

तू कागद हातात घेतलास, उलटा धरलास, मग सुलटा केलास. म्हणालीस, "चित्र बरा हाय. पन पाइपाच्या आत काय अडकला ते तुला दिसनार कसा?"

मी म्हटलं, "मावशी, पाइपाचा व्यास बघ. एवढ्यात काही अडकत नाही."

"डोंगर काय काय आनतो ते तुला म्हाईत न्हाय अजून. पाट उघडा हाय, अडकला तर येता-जाता दिसतो. पायानं ढकलला की झाला."

"आणि रिक्षा?"

"रिक्षेला हिसका बसला तर डायवर शिवी देईल. रस्ता गेला तर रिक्षाच न्हाय येनार."

सगळे हसले. पण मत पाइपालाच पडलं, कारण लोकांना सपाट रस्ता हवा होता आणि मला माझी रेघ. तू रुसली नाहीस. पाइप बसवायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी पहार घेऊन वळणावर हजर होतीस, आणि दुपारी सगळ्यांना सोड्यांचं कालवण आणि भात वाढलास. शहाभाईंसाठी वेगळ्या चुलीवर बटाट्याची भाजी केलीस, ते त्यांना दोनदा सांगितलंस. मला हरल्यावर असं वाढता आलं नसतं.

पहिला पावसाळा पाइप छान चालला. मी रोज छत्री घेऊन जाऊन बघायचे. दुसऱ्या मेमध्ये पाइपाच्या तोंडाशी बाटल्या, नारळाच्या करवंट्या, कोणाची तरी चप्पल असं दिसायला लागलं, आणि मला तुझा प्रश्न आठवला. तेव्हा तुझ्याकडे यायचं होतं. मी नाही आले. हरलेल्या बाईला सल्ला विचारायला माझा पाय उचलेना. काशीगावच्या भंगारवाल्याकडून खिडकीच्या जुन्या जाळीचा तुकडा आणला, पाइपाच्या गोलाईसाठी त्याचा एक कोपरा कापला आणि भर दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना, ती पाइपाच्या तोंडावर बसवली. बांधायला तार नव्हती म्हणून आमच्या कपड्यांच्या दोरीची निळी तार कापली. सुधीरने विचारलं, दोरी आखूड कशी झाली? म्हटलं, गंजली होती.

कोणालाही सांगितलं नाही. वाटलं, पावसाळा निभावला की ऑगस्टच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगू, आणि तुझ्याकडे बघून सांगू.

कचरा आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या जाळीवर कचरा बसतो, हे कळायला बत्तीस वर्षांची नोकरी लागत नाही. जुलैच्या त्या पावसात साग-पळसाची पानं जाळीवर थापली गेली, वर प्लास्टिक बसलं आणि पाइपाचं तोंड बंद झालं. पाणी रस्ता ओलांडून तुझ्या अंगणात उतरलं. तुझ्या अंगणाची पुढची भिंत गेली, पायऱ्या गेल्या, बोंबील सुकवायच्या काठ्या वाहून ओढ्यात गेल्या. घर राहिलं ते घराच्या नशिबाने.

पहाटे फटफटलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी वळणावर पोचले. का आधी पोचले ते तुला ठाऊक आहे. मांडीभर पाण्यात उतरून तार ओढली, जाळी उपटली आणि खालच्या झुडपात फेकली. पाइप घसा खाकरावा तसा आवाज करून मोकळा झाला. लोक येईपर्यंत मी छत्री धरून उभी होते.

मग कारण शोधणं सुरू झालं. कारण लगेच सापडलं. तुझ्या वरच्या अंगाचा संतोष, रंगकामाची कामं घेणारा, रत्नागिरीकडचा शांत माणूस, गावाहून आईला आणायची म्हणून घरावर खोली बांधत होता. त्याने रस्त्याच्या कडेला रेती टाकली होती, ताडपत्री घालून, विटा ठेवून. ताडपत्रीचा एक कोपरा उडाला होता. कोणीतरी म्हणालं, रेतीच गेली पाइपात. दुसऱ्याने री ओढली. शहाभाई म्हणाले, "संतोषभाई, थोडा ध्यान रखना चाहिए था." संतोष ओल्या पायांनी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण पाइपाची जाणकार मी. मी मूग गिळून बसले.

तू तेवढं म्हणालीस, "रेतीला कशाला नाव ठेवता? पान्याला वाट न्हाय मिलाली, त्यानं केली." पण तेव्हा तुझं कोण ऐकतंय.

पुढचे दोन रविवार संतोषने एकट्याने तुझी भिंत उभी केली. मी त्याला चहा नेऊन दिला. तो प्यायला नाही, बाजूला ठेवला, त्यात माती पडली. त्यानंतर तो रस्त्याच्या कोणत्याच मीटिंगला आला नाही. दिसला की मान हलवायचा आणि बाइक काढून जायचा.

आणि तू? मावशी, मला तुझं तेव्हापासूनचं वागणं आता एकेक आठवतंय आणि मी उठून फेऱ्या मारतेय. भिंत पडल्यावर तू माझ्याशी जास्त गोड वागायला लागलीस. हाक मारून चहाला बोलवायचीस. एकदा सुकट निवडताना मध्येच विचारलंस, "नकशेवाली, तुला झोप येते?" मी म्हटलं, येते की, का? तू म्हणालीस, "न्हाय, डोळे लाल हायेत." चोराच्या मनात चांदणं. मी आठवडाभर तुझ्याकडे फिरकले नाही, मग तूच कोळंबीचं लोणचं पाठवलंस.

यंदा मार्चमध्ये तू मला वळणावर उभं केलंस. हातात काठी होती. वरपासून मातीत रेघ ओढत आलीस, तुझा जुना पाट होता त्याच्याही थोडं वरून, तिरकी, रस्ता ओलांडून थेट संतोषच्या जागेच्या कडेने ओढ्यापर्यंत. म्हणालीस, "पाइप काढू. पाट इथून नेऊ, म्हनजे पानी वळनाला पोचतच न्हाय. जुन्या पाटाचं पानी माज्या कुंपनाला घासून जायचं, ते पन नको."

रेघ बरोबर होती. मला पाहताक्षणी कळलं, आणि म्हणूनच मी वाद घातला. पाइप मोठा घालू म्हटलं. दोन पाइप घालू म्हटलं. रिक्षेचं काय म्हटलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "संतोषची कड लागंल. त्याला जाऊन विचार."

"मी कशाला? तू विचार. तुझं ऐकेल तो."

"न्हाय. तू जा. नकशा तुजा हाय."

"माझा नकाशा पाइपाचा होता. हा तुझा आहे."

"मी कागदावर न्हाय काढत. तू काढ, आनि तू जा त्याच्याकडे."

मी म्हटलं, मावशी, दर वेळी मलाच का पुढे करतेस? आवाज चढला होता माझा. तू काठी मातीत रोवून म्हणालीस, "बरं. पावसाला अजून टाइम हाय." आणि घरात गेलीस. ते आपलं शेवटचं धड बोलणं. नंतर मी फुरंगटून बसले, तू थांबून राहिलीस, मग तुला ताप आला. हॉस्पिटलात मी एकदा आले तेव्हा तुझ्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. तू हाताने मातीत ओढावी तशी चादरीवर एक तिरकी रेघ ओढलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी मान डोलावली. ती खोटी मान होती. मी जाणार नव्हते.

सातव्या दिवसाच्या मिस्साला मी चर्चच्या मागच्या बाकावर बसले होते. फादर म्हणाले, फिलोमिनाबाईंनी रस्ता राखला. मला बसवेना, मी मधूनच बाहेर आले आणि चप्पल सापडेना म्हणून अनवाणीच आवारात फिरले. संतोष बायकोबरोबर आला होता. आमची नजरानजर झाली. त्याने नेहमीसारखी मान हलवली.

त्यानंतर चार दिवसांनी मी तुझ्या सुनेकडे खवल्यांचा डबा मागायला गेले. वाटलं, निदान पाणी सोडून बघू, काही तरी सुरू करू, हात रिकामे राहिले तर मी वेडी होईन. रीटा डबा शोधायला आत गेली. मी मागच्या अंगणात उभी राहिले. प्लास्टिकच्या कागदावर जवळा वाळत पडला होता, कावळ्यांनी उचलू नये म्हणून त्यावर जाळी ठेवलेली.

जाळीचा एक कोपरा गोलाईत कापलेला होता. दुसऱ्या कोपऱ्याला निळ्या तारेचे चार वेढे.

मी तिथेच उकिडवी बसले. रीटा डबा घेऊन आली. मी विचारलं, "ही कुठली गं?"

"जाली? आईनं आनली गेल्या पावसात, खालच्या झुडपातून. म्हनली लोखंड चांगलं हाय, कावल्यांना बरी."

"ही तार..."

"ती हाताला लागते. मी म्हनलं काढून टाकू, तर आईनं हात लावू दिला न्हाय. म्हनली, ऱ्हाऊ दे, ज्याची हाय तो येऊन काढील." रीटा माझ्याकडे बघत होती. "तुमाला पानी देऊ, ताई?"

आमच्या दोरीवरचे कपडे तुझ्या स्वैपाकघराच्या खिडकीतून रोज दिसायचे. ती निळी तार डोंगरीत दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि ती आखूड झाली हे सुधीरला दिसलं तर तुला दिसणारच. म्हणजे दहा महिने. दहा महिने तू ती जाळी रोज उचललीस, रोज जवळ्यावर ठेवलीस, आणि मला चहा पाजलास. माझ्या अंगावर फेकली असतीस तर मी सुटले असते. तू काही बोलली नाहीस. 'तू जा त्याच्याकडे' एवढं म्हणालीस आणि त्यातलं सगळं मी पालथ्या घड्यावर ओतू दिलं.

त्या संध्याकाळी मला तुझा इतका राग आला, मावशी, की मी घरी जाऊन भाताचं पातेलं आपटलं. आणि मग रडले. तुझ्यासाठी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, मातीच्या वेळीही रडू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संतोष कामावर निघायच्या आधी गेले. त्याची आई आली आहे आता, नव्या खोलीच्या दारात बसून तांदूळ निवडत होती. संतोष म्हणाला, "काकू, या." खुर्ची दिली. मी बसले नाही. म्हटलं, "संतोष, गेल्या वर्षी पाइप तुझ्या रेतीने नाही तुंबला. मी जाळी बसवली होती. सकाळी मीच काढून फेकली. आणि सगळे तुला बोलत होते तेव्हा मी गप्प राहिले."

तो बाइकच्या किल्लीशी चाळा करत म्हणाला, "दोन रविवार दगड उचलले मी, काकू. बायको रोज विचारत होती, तू केलंच नाहीस तर कशाला करतोयस? मला पण वाटायला लागलं होतं की असेल, गेली असेल रेती. ताडपत्री उडालीच होती ना."

"चूक माझी होती."

"मला एकट्याला सांगून काय होणार? माझ्या घरात माहितीच आहे. मी असं करत नाही हे तुम्ही त्यांना सांगा." त्याने हाताने वरखाली सगळा रस्ता दाखवला.

"सांगते. रविवारी."

"आणि आज कसली आठवण झाली? काही काम होतं?"

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, "हो. तुझ्या जागेच्या कडेने पाट न्यायचा आहे. मावशीची इच्छा होती. पण त्यासाठी नाही आले. म्हणजे, त्यासाठी पण आले."

त्याची आई तांदळातून मान वर करून म्हणाली, "खरं बोलली बाय ती." संतोषने बाइक वळवली. किल्ली लावली आणि गेला. हो नाही, नाही नाही. त्यानंतरचे तीन दिवस मी कसे काढले ते सुधीरला विचार. दिवसातून सहा वेळा वळणावर जाऊन यायचे. तुझी काठीची रेघ केव्हाच पुसली होती, ती आठवून आठवून मी कागदावर काढली. गिरवली म्हण. या वेळी तुझी गिरवली.

रविवारी दहा घरची माणसं वळणावर जमली. मी नकाशा उलगडायच्या आधी बोलले. जाळीचं, तारेचं, झुडपाचं, सगळं. आवाज नीट आला. कोणीतरी खोकलं. शहाभाई म्हणाले, "अरे, अब जाने दो ना दीदी. जो हो गया, हो गया." सगळ्यांनाच ते पटलं, लोक कुदळीकडे वळायला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "असं कसं जाने दो? मला बोलताना तर कोणी जाने दो म्हणालं नव्हतं." संतोष उभा होता. हातात पहार. शहाभाईंनी चष्मा काढून पुसला. मग ते त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "बराबर है. मैंने बोला था. गलत बोला था." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एवढंच झालं, पण झालं.

संतोष माझ्याकडे आला नाही. सरळ त्याच्या कडेला गेला, पहारेने मातीत दोन हात अंतरावर दोन खुणा केल्या आणि म्हणाला, "एवढी रुंदी बास ना, काकू?"

पाइप काढायला दुपार झाली. आत करवंट्या, दोन बाटल्या आणि गाळ निघाला, रेती जेमतेम मूठभर. ती मूठ शहाभाईंनी सगळ्यांना दाखवली. पाट खणला, तळाला दगड बसवले, कडेचे दगड संतोषने लावले, कारण तुझ्या भिंतीने त्याला ते शिकवलं होतं. रीटाने हंडा भरून आणला. माझ्या हातात दिला. मी म्हटलं, तुझ्या सासूचं काम आहे, तू सोड. ती म्हणाली, "न्हाय, तुमीच."

मूठभर खवले टाकले आणि पाणी सोडलं. कमरेत वाकून मागोमाग गेले, तुझ्यासारखी. खवले रस्ता ओलांडून गेले, संतोषच्या कडेला वळले, आणि ओढ्याच्या चार हात अलीकडे त्यांचा ढीग झाला. उतार चुकला होता. तुझी रेघ आठवताना तिथे मी चुकले. लपवलं नाही. बोट दाखवून म्हटलं, "इथे थांबतंय." संतोषने कुदळ मारली. दुसरा हंडा ओतला. खवले थेट ओढ्यात गेले.

रिक्षावाले शिव्या देतायत. देऊ देत. सुधीर म्हणतो, आता तरी बस. मी अजून सकाळ-संध्याकाळ पाट बघून येते, पायाने पानं ढकलते. उघडं आहे ना, सगळं दिसतं.

काल दुपारी रीटाकडे गेले. अंगणात बसून जाळीची निळी तार सोडवली. पीळ गच्च बसला होता, बोटाला लागलं. जाळी तिथेच ठेवली, जवळ्याला हवी. तार घरी आणून दोरीला जोडली. गाठ दिसते, पण दोरी पूर्वीएवढी झाली.

संतोषला सांगितलं, अकरा घरांना सांगितलं, सुधीरलाही सांगितलं. तुझ्याशिवाय सगळ्यांना सांगून झालं. तुला माहीत होतं म्हणून सांगायचं माफ होत नाही. तू दहा महिने मला सांगायला जागा करून ठेवली होतीस आणि मी रोज समोर बसून चहा प्याले. आता लिहून सांगते, उशिरा सांगते.

मावशी, ती जाळी मी बसवली होती. तुझी भिंत मी पाडली.